लाल म्हणजे उणे पासष्ट हजार पाचशे छत्तीस

मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. एवढं एक वाक्य लिहायला पन्नाशी ओलांडावी लागली. लिहून झाल्यावर उठून पाणी प्यायलो. पण खोडणार नाही.

पुढचं वाक्य जास्त अवघड आहे. मी चादरींचे रंग ठरवतो. सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिझायनर आहे, आणि तिथे मालकापासून हमालापर्यंत सगळे मला मास्तर म्हणतात. रंगांचे मास्तर.

आता लगेच कुणीतरी आपला शर्ट पुढे करून ‘हा कोणता सांगा बघू’ म्हणणार. सांगणार नाही. आणि मला जग काळंपांढरं दिसतं असंही समजू नका. निळा दिसतो, पिवळा दिसतो, उजेड-अंधार तर तुमच्यापेक्षा बारकाईनं दिसतो. फक्त लाल, हिरवा, तपकिरी, केशरी ही मंडळी माझ्याकडे येताना एकाच घरची भावंडं होऊन येतात. आजार नाही हा. डोळेच तसे आहेत.

शाळेत खडूवरच्या कागदावर रंगाचं नाव छापलेलं असायचं. ते वाचून मी झाडाला हिरवा आणि कौलांना लाल लावायचो. कागद निघालेल्या खडूला हात लावायचो नाही. आई बाजारात टोमॅटो निवडायला सांगायची, तर मी एकेक दाबून बघायचो. आई शेजारणींना सांगायची, पोरगा चोखंदळ आहे माझा. तेव्हापासून ही सवयच लागली. लोक माझ्या अडचणीला माझा गुण समजायचे आणि मी गप्प बसायचो.

हात चांगला होता म्हणून डिझाइनच्या कामाला लागलो. तेव्हा ग्राफपेपरवर चौकोन भरत असू. रंगाच्या बाटलीवर लेबल होतं, सुतावर शेडकार्डचा, म्हणजे रंगांच्या तक्त्याचा, नंबर होता. मला डोळ्यांची गरज पडली नाही, वाचता येत होतं तेवढं पुरलं. पुढे काँप्युटर आला. आणि चाळिशीनंतर, कुणी न सांगता, मी कोड लिहायला शिकलो.

क्रिएटिव्ह कोडिंग म्हणतात त्याला. ब्रश हातात न घेता चार ओळी लिहायच्या, की पडद्यावर चित्र उमटतं. त्यात रंगासाठी वेगळा डेटा टाइप असतो. एका डब्यात फक्त पूर्णांक, दुसऱ्यात फक्त अक्षरं, तसा हा डबा फक्त रंगाचा. लाल किती, हिरवा किती, निळा किती, असे शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचे तीन आकडे द्यायचे, झाला रंग तयार. एकदा सहज वाटलं, ह्या डब्यात खरोखर ठेवलेलं काय असतं ते छापून बघावं. आत रंग नव्हताच. एक लांबलचक पूर्णांक होता. लाल म्हणजे उणे पासष्ट हजार पाचशे छत्तीस. हिरवा म्हणजे उणे एक कोटी सदुसष्ट लाख अकरा हजार नऊशे छत्तीस.

मी कितीतरी वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसलो. हे दोन रंग एकमेकांपासून फार लांब आहेत असं लोक जन्मभर सांगत आले होते. मला ते जुळ्यांसारखे दिसायचे. त्यांच्यातलं अंतर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मग मी थांबलो नाही. रंगांचे अ‍ॅरे करायला लागलो. अ‍ॅरे म्हणजे रांगेत मांडलेले खण. मागावर आडव्या धाग्याच्या कांड्या ज्या फळीवर लावतात ती डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झालं. पहिल्या खणात विटकरी, दुसऱ्यात पानाचा हिरवा, तिसऱ्यात मरून. चौकोनांची जाळी काढायची, प्रत्येक चौकोनाला एका खणाचा नंबर द्यायचा, आणि मग एक खण बदलला की अख्खी चादर बदलते. दिवसाला वीस-वीस रंगसंगती काढू लागलो. शेडकार्डाचे आकडे मला पाठ झाले. शेठ म्हणायचे, ह्यांच्या डोक्यात रंगांचं गोडाऊन आहे. डोक्यात आकडे होते.

चूक एकदाच झाली, आणि ती माझ्यासारख्याच्याच नजरेतून सुटू शकते. कोडमध्ये अ‍ॅरेचा पहिला खण शून्य नंबरचा असतो. कारखान्यातल्या फळीवरचा पहिला खण एक नंबरचा. मागावर चिठ्ठी पाठवताना प्रत्येक नंबरात मी एक मिळवायचो. त्या दिवशी विसरलो, आणि त्या नमुन्यात शून्य नंबरचा रंग नसल्यामुळे चिठ्ठी बघून कुणाला शंकाही आली नाही. सगळे रंग एकेक जागा सरकले. अशी चूक कोणाचीही होते. पण दुसरा कुणी असता, तर नमुना मागावरून उतरल्या उतरल्या ओरडला असता. मी तो नमुना उजेडात धरला, उलटसुलट केला आणि मान डोलावली.

मागावरचा कामगार जवळ येऊन हळूच म्हणाला, “साहेब, पानं लाल आन फुलं हिरवी झाल्यात. असंच हाय न्हवं?”

काय झालं ते तेव्हा कळलं. ‘नाही, चुकलं’ म्हणालो असतो तर तो पुढे म्हणाला असता, मग आत्ता बघून व्हय का म्हणालात. म्हणून म्हणालो, “असंच आहे. चालू दे.”

“लई धाडस केलंत,” तो म्हणाला आणि माग सुरू केला.

त्या चादरी हातोहात खपल्या. लाल पानांच्या आणि हिरव्या फुलांच्या. शेठनी चार लोकांत माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, असं करायला नजर लागते. ‘मास्तर’ हे त्यानंतरचं. दर वेळी ती हाक ऐकली की ती लाल पानं आठवायची. पण ओ द्यायचो.

इथपर्यंतचं कदाचित मी कधीच लिहिलं नसतं. लिहायला लागलं ते नातवामुळे.

मुलगी इथेच, सोलापुरातच दिली आहे. सासरचं चाटी गल्लीत साड्यांचं दुकान. तिचा मुलगा पहिलीत आहे. शाळेतून तक्रारी यायला लागल्या की हा झाडं तपकिरी रंगवतो, मुद्दाम करतो. बाई रागवल्या, मुलं हसली. घरी आजीनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, खडू पुढ्यात मांडून रोज संध्याकाळी शिकवणी लावली. चुकला की हातावर पट्टी. शेवटी मुलगी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवली आणि निदान केलं. मग विचारलं, हे मुलाला आईकडून येतं, तुमच्या वडिलांना असं काही आहे का?

मुलीनं मला फोनवर हसत सांगितलं, “मी म्हटलं, डॉक्टर, माझे वडील चादरींचे रंग ठरवतात. त्यांना नाही विचारलंत तरी चालेल.”

मी “हं” म्हणालो.

“मग म्हणाले, तुमच्या आईच्या माहेरून आलं असेल. आईला विचार ना, मामाला आहे का.”

मी “विचारतो” म्हणालो. आणि फोन बायकोकडे दिला.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लाजिरवाणे. बायको रोज पंढरपूरला तिच्या मोठ्या भावाला फोन करायची. जेवताना, फोन स्पीकरवर टाकून. “दादा, खरं सांग, पोपटी दिसतो का रे तुला? मग लहानपणी तो विटका शर्ट का घालायचास? वडिलांना दिसायचा का?” तिकडून तो बिचारा वैतागून म्हणायचा, “अगं शर्ट एकच होता मला, म्हणून घालायचो.” फोन ठेवून ती म्हणायची, “आमच्याकडूनच आलं असणार. तुमच्याकडं तर प्रश्नच नाही.” आणि मी भरलं वांगं खात असायचो.

तिकडे विहीणबाई मुलीला ऐकवत होत्या, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या रंग विकून खाल्लं, ह्ये कुठनं आलं. मुलगी ऐकून घेत होती. आणि पोरानं चित्र काढायचंच सोडून दिलं होतं. खडू पुढे केले की हात मागे बांधून बसायचा, असं मुलीनं सांगितलं. मला ते हात कळले.

तरी मी सरळ बोललो नाही. पळवाट शोधली. वाटलं, कोड लिहून मुलीला दाखवू की हे बघ, पोराला जग असं दिसतं. माझं नाव घ्यायची गरजच नाही. आंतरजालावर त्याचं गणित मिळतं. प्रत्येक रंगाचे तीन आकडे सुटे करायचे, ठरलेल्या आकड्यांनी गुणून परत एकत्र बांधायचे. मी दोन अ‍ॅरे केले. पहिल्यात नेहमीचे रंग. दुसऱ्यात त्याच क्रमानं, त्याच खणांत, पोराच्या डोळ्यांना दिसणारे. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात पहिल्या अ‍ॅरेची जाळी, उजव्यात दुसऱ्याची. रविवार होता, जेवणं झाली होती. कोड चालवला.

दोन्ही बाजू सारख्याच.

आधी वाटलं, कुठेतरी चुकलो. बहुतेक दोन्हीकडे एकच अ‍ॅरे वापरला. ओळन् ओळ तपासली. मग दोन्ही अ‍ॅरेंचे आकडे छापून बघितले, तर एकूण एक वेगळे. मग लक्षात आलं. कोड बरोबर असेल तर तो मला सारखाच दिसणार. आणि चुकला असेल तरी सारखाच दिसणार. बरोबर आहे की नाही हे मी एकटा कधीच सांगू शकत नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलवायलाच हवं.

कोड बंद करून टाकायचा विचार आला, खोटं कशाला सांगू. मग बायकोला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. “काय आहे?”

“ह्यात काय दिसतंय सांग.”

“डावीकडं लाल, हिरवा, केशरी... छान आहे की. उजवीकडं काय, मेंदीचं पाणी ओतलंय का?”

“म्हणजे वेगळं दिसतंय?”

“अहो, दिसतंय म्हणजे? हे काय विचारणं झालं?” असं म्हणून ती हसली, आणि मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. “तुम्हाला काय दिसतंय?”

“सारखंच.”

ती पलंगाच्या कडेवर बसली.

“दादाला मी पंधरा दिवस छळलं.”

“हो.”

“तुम्ही समोर बसून ऐकत होतात.”

“हो.”

“वांगं खात होतात.” तिनं विचारलं, “माझा लग्नातला शालू कोणत्या रंगाचा होता?”

“हिरवा. असं कुणीतरी म्हणालं होतं.”

“तुम्ही म्हणाला होतात, ह्या रंगात छान दिसतेस.”

“छान दिसतच होतीस. रंगाचं ऐकून म्हणालो.”

ह्यावर ती रडेल किंवा भांडेल असं मला वाटलं. ती उठली आणि फोन आणून माझ्या हातात दिला. “आधी दादाला सांगा. मग लेकीला. मी एक शब्द बोलणार नाही.”

मेहुणा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “अहो, तिच्या नादानं मी काल चष्मेवाल्याकडं जाऊन आलो. तो म्हणाला, डोळे घारीसारखे आहेत, कशाला आलात?” मग म्हणाला, “इतकी वर्षं एकट्यानंच निभावलंत की हो.” त्याची माफी मी मागितली. बायकोचीही मागितली, आणि अजून मागतोय. ती माफी त्या पंधरा दिवसांची. डोळ्यांची नाही, हे तेव्हाच मनात पक्कं झालं.

मुलीला फोनवर सांगितलं नाही. लॅपटॉप घेऊन थेट दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. विहीणबाई गादीवर, मुलगी साड्यांच्या घड्या घालत होती, पोरगं शाळेतून येऊन मागे रिकाम्या खोक्यांशी खेळत होतं.

“या की अण्णा, बसा. च्या सांगते,” विहीणबाई म्हणाल्या.

मी उभ्यानंच सांगितलं. सगळं. मुलीच्या हातातली घडी तशीच राहिली. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कुठून तरी लांबून चालत आलोय.

विहीणबाई म्हणाल्या, “आन रंगाचं काम करता की वो तुमी.”

“करतो.”

“न दिसता?”

“दिसतं. तुमच्यासारखं दिसत नाही.”

“मग सोयरीक करताना ह्ये सांगायला नको व्हतं?”

ह्या प्रश्नाचं उत्तर मी रिक्षात पाठ करून आलो होतो. चुकलं, पोटात घाला, असं. पण खोक्यांचा आवाज थांबला होता. पोरगं ऐकत होतं. मी कोणत्या गोष्टीसाठी माफी मागतो ते त्याला कळणार होतं.

“नको होतं,” मी म्हणालो. “चष्म्याचा नंबर सांगून सोयरीक करतात का कुणी? मी लपवलं, ते वाईट. पण लपवायचं असं त्यात काही नव्हतं.”

विहीणबाईंनी मागे न बघता शेल्फातून दोन साड्या ओढल्या आणि माझ्यापुढे टाकल्या. “ह्यातली लाल कंची, सांगा.”

जन्मभर मी जो प्रश्न टाळत आलो तो हाच. नेहमीसारखा तर्क करता आला असता. काठाची झळाळी, कापडाचा पोत, मागच्या शेल्फावरची चिठ्ठी. मी साड्यांना हातही लावला नाही.

“माहीत नाही.”

मागून पोरगं म्हणालं, “मला पण माहीत नाही.” आणि खी खी करून हसलं. महिन्यात पहिल्यांदा हसला, असं मुलगी नंतर म्हणाली.

“हसतोय बघा गाबडं,” विहीणबाई म्हणाल्या. “आन दुकानात बसून काय विकणार ह्यो?”

“साड्याच विकेल. गिऱ्हाईकालाच विचारेल, तुम्हाला कोणती हवी ते बोट दाखवा. त्यात लाज कसली? आणि नाही विकल्या, तर दुसरं काहीतरी करेल. पण आजपासून त्याच्या हातावर पट्टी मारायची नाही.”

“मी काय वैरी हाय का त्याची?”

“नाही. म्हणून तर तुम्हाला सांगायला आलो. शाळेत उद्या जाणारच आहे.”

त्यांनी साड्या घडी करून जागेवर ठेवल्या. बराच वेळ लावून. मग पोराला हाक मारली, “जा रं, आज्ज्याला च्या सांगून ये. दोन कट.” तेवढंच. त्यापेक्षा जास्त मला नकोही होतं.

चाटी गल्लीत बोललेलं एमआयडीसीत पोचायला टेंपो लागत नाही. तिसऱ्या दिवशी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

“मास्तर, काय ऐकतोय मी?”

“खरं आहे.”

“म्हणजे ती लाल पानांची चादर?”

“चूक होती.”

शेठ रागावले नाहीत, तसं म्हणायचं तर फार समजुतीनं बोलले. काम तुमचंच राहील, म्हणाले. नमुना मागावरून उतरला की दुसरा एक माणूस नजर टाकेल, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फक्त बाहेर कुठे बोलू नका. “तुमच्या नावावर माल जातो मास्तर. गिऱ्हाईकाला कळलं तर हसतील. आपल्या दोघांत राहू द्या.”

इतकं सोयीचं गप्प राहणं मला कधी कुणी देऊ केलं नव्हतं. पगार तोच, खुर्ची तीच, हाकही तीच. महिन्याभरापूर्वी विचारलं असतं तर हात जोडून हो म्हणालो असतो.

पण त्याच सकाळी मुलीचा फोन आला होता. शाळेत ती आणि मी जाऊन आल्यावर बाईंनी वर्गात सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. तेव्हा आमचं पोरगं बाकावरून उठून म्हणालं, माझ्या आजोबांना पण असंच दिसतं आणि ते चादरीचे रंग ठरवतात. एका मुलानं म्हटलं, थापा मारतो. हा म्हणाला, विचार जाऊन.

मी शेठना सांगितलं, “नाही जमणार.”

“म्हणजे?”

“कुणी विचारलं तर मी खरं सांगणार. उद्या कुणीतरी विचारायला येईल, आणि मी नाही म्हणालो तर पोरगं खोटं ठरेल.”

“एवढ्या पोरासाठी धंदा?”

“हो.”

“आणि मी म्हटलं की मग राहू द्या हे काम, तर?”

“तर राहू द्या. रंग ठरवायला मला येतं, ते मी दुसरीकडे करेन. तिथे पहिल्याच दिवशी सांगून.”

शेठ म्हणाले, घाई करू नका, विचार करा. अजून त्यांनी मला काढलेलं नाही, आणि बाहेर कळल्यावर ठेवतील का ते मला ठाऊक नाही. विचार मी केला. तो हा, लिहून काढला आहे. छापून आला की एक प्रत त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवणार. छापण्याआधी दाखवणार नाही.